रजनीकाकू आणि तिसरं सिलिंडर

इकडे दक्षिण गोलार्धात हिवाळा सरून सप्टेंबर लागला की मी बोटीवरची ताडपत्री काढतो आणि पहिली पंधरा मिनिटं काहीच करत नाही. हात पाठीमागे बांधून नुसता इंजिनाभोवती फिरतो, वाकून बघतो. शेजारचा केव्ह कुंपणापलीकडून ओरडतो, "प्रेइंग, मेट?" मी हसून मान डोलावतो. प्रार्थना नाही, पण ज्यांनी ही सवय लावली त्यांची आठवण असते. "आधी डोळे, हात मागाहून," असं रजनीकाकू म्हणायच्या आणि खरोखरच हात मागे बांधायला लावायच्या. मला आणि माझ्या मित्राला, गिरीशलाही. दोघंही तेव्हा चाळिशीला टेकलेले.

काकू आमच्या नात्यातल्या नाहीत. माझ्या बायकोची, मानसीची, मैत्रीण रेश्मा गिरावीनला राहते, तिच्या या सासूबाई. मुलाने, संदीपने, त्यांना देवगडहून इकडे आणलं तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. पहिलं वर्षभर आम्ही त्यांना 'संदीपची आई' एवढंच म्हणत होतो. उंची बेताची, अंग काटक, केसांचा घट्ट छोटासा अंबाडा. पंजाबी ड्रेसवर मुलाचा जुना चौकड्यांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कुणाकडे कार्यक्रम असला की कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायच्या, विचारलं तेवढंच बोलायच्या. नात तन्वी इंग्लिशमध्ये काहीतरी सांगून पळायची आणि त्या तिच्या पाठीकडे बघत राहायच्या. आमच्या घोळक्यात अशा बऱ्याच आया असतात. आपण वाकून नमस्कार करतो, 'थंडी सोसते ना?' असं विचारतो आणि बार्बेक्यूकडे सरकतो. मीही तेच केलं होतं.

बोट माझी आणि गिरीशची. गिरीश दातांचा डॉक्टर, मूळ पुण्याचा. मी इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आलो तेव्हापासूनचा दोस्त. केव्हचे गुडघे गेले, त्याला बोटीत चढउतार जमेना, तेव्हा त्याची बोट आम्ही घेतली. पाच मीटरची अ‍ॅल्युमिनियमची होडी, इथे तिला 'टिनी' म्हणतात. मागे तीन सिलिंडरचं जुनं इंजिन. बोट देताना केव्हने इंजिनाच्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाला, "शी'ल बी राइट," म्हणजे काळजी नको, चालेल. पहिला उन्हाळा सगळं राइट होतंही. मग हिवाळा आला. आम्ही बोट केलीव्हिलच्या आमच्या घराशेजारच्या बोळात लावली, वर ताडपत्री टाकली आणि चार महिने तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच पडून.

गौरी जेवल्या त्या आठवड्यातला शनिवार होता. घरात बायकांचं हळदीकुंकू, म्हणून मी आणि गिरीश बोळात पळालो. बागेची नळी इंजिनाला जोडली, चावी फिरवली. बराच वेळ कुरकुरून इंजिन सुरू झालं, पण दमेकरी माणूस जिना चढतो तसं. खोकायचं, धूर ओकायचं, थरथरायचं आणि बंद पडायचं. गिरीश फोनवर व्हिडिओ बघून एकेक निदान सांगत होता. चौथ्यांदा चावी फिरवली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून काकू बाहेर आल्या. हातात पुरणपोळीची ताटली, कपाळावर मानसीने हट्टाने लावलेलं कुंकू.

"तिघांतलं एक झोपलंय," त्या म्हणाल्या.

आत तीन पोरं खेळत होती. मी म्हटलं, "सोफ्यावर नीट झोपवा ना काकू, कोण झोपलंय?"

"सिलिंडर, रे बाबा."

त्यांनी ताटली बोटीच्या काठावर ठेवली आणि माझ्या हातून पक्कड घेतली. चालू इंजिनावरच्या प्लगच्या वायरी त्या एकेक करून उचलून बघायला लागल्या. पहिली उचलली, इंजिन गचकलं. दुसरी उचलली, पुन्हा गचकलं. तिसरी उचलली, इंजिनाला पत्ताच नाही. "हा बघा कुंभकर्ण," असं म्हणून त्यांनी पक्कड परत दिली, हात शर्टाला पुसले आणि उरलेली पुरणपोळी उभ्याउभ्याच संपवली.

गिरीशने हळूच व्हिडिओ बंद केला.

त्या दिवशी कळलं की देवगडच्या बंदराजवळ मयेकरांचं, म्हणजे काकूंच्या घरचं, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. नवरा नामांकित मिस्त्री, पण वीस वर्षं इंजिनांच्या आवाजात काढून त्याचे कान गेले. काकू दुपारचा डबा घेऊन जायच्या. एकदा जाताजाता म्हणाल्या, "अहो, हे घोड्यासारखं का चालतंय, तीन पायांवर?" नवऱ्याने इंजिन उघडलं तर खरंच एक सिलिंडर मेलेलं. त्या दिवसापासून त्यांनी डबा ठेवून परत जायचं बंद केलं. "त्यांचे कान गेले, तर माझे लावले," एवढंच त्या म्हणायच्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायची, आत काय चाललंय ते ऐकायचं आणि बोटांनी नवऱ्याला खुणा करायच्या. हळूहळू खुणा करण्यापेक्षा स्वतः पाना धरणं सोपं पडायला लागलं. नवरा गेल्यावर अकरा वर्षं त्यांनी एकटीने ते वर्कशॉप चालवलं.

"पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात," त्यांनी सांगितलं. "नारळी पुनवेनंतर सगळ्यांना एकाच दिवशी समुद्रात जायचं असतं आणि एकाचं इंजिन धड चालत नाही. तुमचा हिवाळा तसा आमचा पावसाळा. इंजिनाला काय, बसून राहिलं की ते बिघडतंच. माणसासारखं." हे शेवटचं वाक्य त्या न्यायला आलेल्या संदीपकडे बघून म्हणाल्या. संदीपने ऐकलंच नाही असं दाखवलं.

पुढच्या शनिवारी त्या स्वतःहून आल्या. ट्रेनने, एकट्या, तन्वीच्या जुन्या शाळेच्या दप्तरात दोन पाने आणि एक दात घासायचा ब्रश घेऊन. काम करायची त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यात कुणाची लुडबूड चालत नसे. काढलेला प्रत्येक भाग मानसीच्या केकच्या ट्रेमध्ये डावीकडून उजवीकडे, काढला त्या क्रमाने. बोलायचं कमी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गिरीशने उत्साहाने नवे प्लग, नवं फिल्टर, नवी कॉइल असं सगळं मागवून ठेवलं होतं. त्याने ते खोकं पुढे केलं तेव्हा काकूंनी चष्म्यावरून बघितलं.

"डॉक्टर, दात दुखतो म्हणून पेशंट आला की तुम्ही चार दात एकदम काढता काय?"

"नाही, पण काकू, सगळंच नवीन घातलं तर..."

"तर बरं कशाने झालं ते कळेल? आणि पुढल्या वेळी परत दुखला तर?"

गिरीशने खोकं गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. त्याच्या क्लिनिकमधल्या ज्युनिअर डॉक्टरांना तो आता हेच वाक्य ऐकवतो.

त्या शनिवारी आम्ही ओळीने गेलो. आधी पेट्रोल. काकूंनी दोन थेंब बोटावर घेतले, हुंगले आणि बोट माझ्या नाकाशी धरलं. जुन्या वार्निशचा वास. सगळी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. मग ठिणगी. तिन्ही प्लग काढून ट्रेमध्ये मांडले. दोन ओलसर, तपकिरी, तिसरा कोरडा ठणठणीत. ठिणगी मात्र तिन्हींना निळी, जोरकस. "म्हणजे आग आहे, पण चुलीत लाकूडच नाही," असं म्हणून त्या तिसऱ्या कार्ब्युरेटरकडे वळल्या. तो उघडला तर आत पिवळट चिकट थर, आटलेल्या पेट्रोलचा. ज्या बारीक भोकातून पेट्रोल यायचं ते पूर्ण बुजलेलं. मी टाचणी शोधायला निघालो तशा त्या ओरडल्या, "टाचणी नको मेल्या, भोक मोठं होईल!" मग जुन्या वायरीतली तांब्याची एकच तार सोलून, सुईत दोरा ओवतात तशी त्यांनी ती त्या भोकातून ओवली. ब्रशने सगळं घासलं. उजेडाकडे धरून बघितलं. मला बघायला लावलं. गिरीशला बघायला लावलं. माझी नऊ वर्षांची मुलगी ईरा मध्ये घुसली, तिलाही. "आय कॅन सी द स्काय," ईरा म्हणाली. काकूंना इंग्लिश फारसं येत नसे, पण हे त्यांना कळलं.

याच सुमारास केव्ह कुंपणापाशी आला. आपली जुनी बोट एक म्हातारी उघडून बसली आहे हे बघून तो चक्रावला. मी ओळख करून दिली. केव्ह इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाला, "शी वॉज ऑल्वेज अ बिट स्लो इन द मॉर्निंग. गॉट टु वॉर्म हर अप फर्स्ट." मी भाषांतर करायच्या आत काकूंचा चेहरा कडक झाला. "माझ्याबद्दल काय बोलतोय हा?" मी हसत सुटलो. इथे इंजिनालाही 'शी' म्हणतात हे त्यांना पटायला वेळ लागला. पण पटल्यावर दोघांचं असं काही जुळलं की माझी गरजच उरली नाही. केव्ह इंग्लिशमध्ये बोलायचा, काकू मालवणीत, मध्ये दोघांचे हात. केव्ह बाटलीतून तेल ओतल्याची खूण करायचा, काकू मान हलवून अंगठा आणि बोट जवळ आणायच्या: एवढं नको. फक्त त्याचं 'शी'ल बी राइट' त्यांना कधीच पसंत पडलं नाही. "बघितल्याशिवाय राइट कशी होईल? विचार त्याला." मी विचारलं. केव्ह डोकं खाजवत म्हणाला, "फेअर पॉइंट."

त्या आर्व्होला, म्हणजे दुपारी, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. तिन्ही सिलिंडर, गुळगुळीत आवाज, बाजूने पाण्याची स्वच्छ धार. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू मात्र अजून इंजिनाकडे कान लावून होत्या. मी विचारलं, "झालं ना काकू?"

"नळीवर चालतंय," त्या म्हणाल्या. "नदीत नेऊन, पळवून, ओझं टाकून बघायला हवं. मी येईन. त्याआधी नेऊ नका." मग बोटीत चढून त्यांनी सगळे कप्पे उघडले. "नांगर खंय तुमचो?" नांगर केव्हच्या जुन्या मासेमारीच्या पसाऱ्याखाली होता, दोरी वेगळीच पडलेली. त्यांनी स्वतः गाठ मारली, दोरीचं दुसरं टोक बोटीच्या कडीला बांधलं, ओढून बघितलं. वल्हीही शोधायला लावली.

आता कबुली द्यायची वेळ आली. पुढच्या रविवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. त्या दिवशी काकूंना जमणार नव्हतं, रेश्माची ड्युटी होती आणि तन्वीजवळ कुणी हवं होतं. गिरीश म्हणाला, "अरे, मस्त चालतंय इंजिन, एक चक्कर मारून येऊ, त्यांना सांगायचं कशाला?" मी हो म्हटलं. तो म्हणाला आणि मी हो म्हटलं, त्यामुळे चूक अर्धी अर्धी; पण ईराला बरोबर घेतलं मी.

ब्रुकलिनला बोट हॉक्सबरी नदीत सोडली. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. वेग वाढवला, ईरा पुढे बसून किंचाळत होती. मग रेल्वेच्या पुलाच्या थोडं वर असताना इंजिनाचा आवाज खाली आला, जसं कुणी गळा आवळतंय, आणि ते बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, मिनिटभर चाललं, बंद. ओहोटी लागलेली. पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि त्याबरोबर आम्ही पुलाच्या दगडी खांबांकडे सरकत होतो. पाण्यात उभा असलेला खांब किती मोठा असतो ते बोटीतून कळतं. गिरीश चावी फिरवतच राहिला. ईराने एवढंच विचारलं, "बाबा, इज धिस बॅड?"

मी नांगर टाकला. दोरी सळसळत गेली, क्षणभर काहीच झालं नाही, मग हिसका बसला आणि बोट वळून उभी राहिली. गाठ टिकली. खांबापासून आम्ही साधारण दोन बसच्या लांबीवर होतो. वीसेक मिनिटांनी कालवांची शेती करणारा एक माणूस आपल्या सपाट बोटीतून आला आणि त्याने आम्हाला ओढून काठावर नेलं. जाताना म्हणाला, "नो वरीज."

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर गिरावीनला गेलो. काकू मागच्या अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. मी सगळं सांगितलं. रागावतील म्हणून खाली बघून उभा होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नांगर लागला?"

"लागला."

त्या पायरीवर बसल्या. कपड्यांची बादली मांडीवर तशीच. मग म्हणाल्या, "बबन तांडेलाच्या होडीवर नव्हता."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगू शकणार नाही, कारण त्या फार तुटक बोलत होत्या. हंगामाचा पहिला दिवस होता. बंदरावर सगळ्यांना घाई. बबनचं इंजिन त्यांनी दुरुस्त केलं, पाण्याच्या पिंपात उभं करून चालवून बघितलं. छान चाललं. पाण्यात नेऊन बघायचा त्यांचा नेम होता, पण बबन म्हणाला, काकू, भरती निघून जाईल. काकू म्हणाल्या, "झालं. ने." होडीत तिघं होते. बाहेर वेग घेतल्यावर इंजिन बंद पडलं, वारा फिरला आणि होडी खडकांवर गेली. दोघं पोहत आले. बबन आला नाही. नंतर होडीचं इंजिन मिळालं तेव्हा काकूंनी ते स्वतः उघडलं. पेट्रोलच्या नळीला केसाएवढी चीर होती. पिंपात संथ चालताना कळण्यासारखी नव्हती, ओझं आल्यावर ती हवा ओढत होती.

"कोणी मला बोललं नाही," त्या म्हणाल्या. "त्याची बायकोही नाही. सगळे म्हणाले, समुद्राने नेला. पण 'झालं' मी म्हटलं होतं ना." तो हंगाम संपल्यावर त्यांनी वर्कशॉपचं शटर ओढलं. संदीपने त्यांना इकडे आणलं ते त्यासाठी.

तेवढ्यात संदीपच कामावरून आला. आईचा चेहरा बघून त्याला सगळं कळलं. माझ्यावर तो चिडला नाही, हेच जास्त लागलं. त्याने आईच्या मांडीवरची बादली उचलली आणि म्हणाला, "आई, बास आता. सहा महिने तू झोपली नव्हतीस, मी बघितलंय. तुला परत तेच हवंय का?"

"तेच नको म्हणून तर जायचं आहे," काकू म्हणाल्या. "त्या इंजिनात काहीतरी राहिलंय. हे लोक आज ना उद्या परत पाण्यात जाणार. मी घरी बसून काय करू? ऐकू?"

संदीपने बादली पायरीवर ठेवली. मग म्हणाला, "मीपण येतो."

शनिवारी आम्ही चौघं ब्रुकलिनला गेलो. ईराला घरी ठेवलं. काकूंनी लाइफ जॅकेट शर्टाच्या वरून घट्ट आवळलं आणि बोटीत बसल्या त्या इंजिनाकडे तोंड करून, नदीकडे पाठ. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा. काकूंनी तो मुठीत धरला आणि मला म्हणाल्या, "आता पळव. घाबरू नको."

पळवली. आठ मिनिटं, नऊ मिनिटं. संदीप आईकडे बघत होता, मी घड्याळाकडे. दहाव्या मिनिटाला आवाज पुन्हा तसाच खाली आला. काकूंनी मूठ उघडून दाखवली. फुगा पार चपटा झाला होता, चोखून टाकलेल्या आंब्यासारखा.

"टाकीचं झाकण उघड! झाकण!"

गिरीशने झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली, फुगा काकूंच्या हातात भरून आला आणि इंजिनाने असा आवाज घेतला की आम्ही सगळे मागे कलंडलो.

"टाकीला श्वास घेता येत नाहीये," काकू म्हणाल्या. "पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा यायला हवी ना? ती येत नाही. मग इंजिन ओढतं, ओढतं आणि दमतं."

बोट थांबवून नांगर टाकला. टाकीत हवा जायचं भोक बोटीच्या बाहेरच्या अंगाला असतं, आम्हाला ते आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. काकू काठावरून अर्ध्या बाहेर वाकल्या, संदीपने त्यांचं जॅकेट मागून दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं. अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी भोकात घातला. सुकी माती पडली, मग आणखी माती. हिवाळ्यात त्यात कुंभारीण माशीने घर बांधलं होतं.

"एवढीशी माशी," गिरीश म्हणाला. तो कॉइलचं खोकं बरोबर घेऊन आला होता.

पण काकूंनी एवढ्यावर सोडलं नाही. बोट पुन्हा पळवायला लावली, पूर्ण वेगात, मग हळू, मग पुन्हा पूर्ण वेगात. अर्धा तास. फुगा मुठीत घट्ट आणि गोल. आम्ही परत फिरलो तेव्हा त्यांनी तो सोडला आणि पहिल्यांदाच इंजिनाकडे पाठ करून बसल्या. समोर नदी, दोन्ही बाजूंना झाडांनी भरलेले डोंगर, वर पेलिकन. त्यांचा अंबाडा सुटला होता आणि केस वाऱ्यावर उडत होते. त्या किती तरी वेळ बघत बसल्या. मग हलकेच, आमच्यापैकी कुणाला उद्देशून नव्हे, म्हणाल्या, "झालं."

संदीपने तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी वेग कमी केला आणि लांबच्या वळणाने बोट काठाला आणली.

त्यानंतर दोन वर्षं त्या आमच्या आयुष्यात होत्या. त्या भोकावर त्यांनी मानसीच्या चहाच्या गाळण्याची जाळी कापून बसवली, ती अजून आहे. हिवाळ्याआधी टाकीचं काय करायचं, कार्ब्युरेटर कसे कोरडे करायचे, हे त्यांनी मला तीनदा करून दाखवलं आणि चौथ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. केव्हच्या ओळखीने इथल्या एका शेडमध्ये त्यांची ये-जा सुरू झाली. रिटायर्ड म्हातारे तिथे लोकांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत बसतात. पाटीवर 'मेन्स शेड', म्हणजे पुरुषांची शेड, असं लिहिलेलं. तन्वीने त्यांना ती वाचून दाखवली. काकू म्हणाल्या, "असूदे, मी कुठे पाटी वाचायला जाते?" हळूहळू तन्वीही दर गुरुवारी त्यांच्याबरोबर जायला लागली आणि शेडमधल्या म्हाताऱ्यांसाठी आजीचं मराठी इंग्लिशमध्ये करायला लागली. त्यासाठी तिला आधी ते मराठी समजून घ्यावं लागलं. रेश्मा म्हणते, मराठी शाळेत तीन वर्षं जे झालं नाही ते गंजलेल्या पात्यांनी केलं.

मग एका ऑगस्टमध्ये देवगडहून फोन आला. बबन तांडेलाचा मुलगा, आता तिशीचा, बापासारखाच होडी चालवणारा. पावसाळाभर बसून राहिलेलं इंजिन नीट चालत नव्हतं, हंगाम तोंडावर आलेला. म्हणाला, "काकू, दुसरं कोणी धड बघत नाही. फोनवरून सांगाल?" मी योगायोगाने तिथेच होतो. काकूंचा रंग उतरला होता. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. मग म्हणाल्या, "फोन इंजिनाजवळ धर. आणि बोलू नको." देवगडचं इंजिन गिरावीनच्या स्वयंपाकघरात खोकायला लागलं. काकूंनी डोळे मिटले.

तासाभरात त्याचं इंजिन चालायला लागलं. त्यांनी त्याला पाण्यात नेऊन अर्धा तास पळवायला लावलं, फोन चालू ठेवून. शेवटी त्याच्या आईने फोन घेतला. त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, मी तन्वीला घेऊन बाहेर गेलो होतो. परत आलो तेव्हा काकू चहा करत होत्या आणि संदीपला सांगत होत्या की त्यांना घरी जायचं आहे. 'कायमचं' असं त्या म्हणाल्या नाहीत, पण ते आम्हा सगळ्यांना कळलं. "शटर गंजलं असेल. तेल घालायला हवं."

संदीपने या वेळी 'बास' म्हटलं नाही. तिकीट काढलं.

देवगडला त्या आता पुन्हा इंजिनं बघतात. गावातल्या दोन मुली हाताखाली शिकताहेत असं तन्वी सांगते. तिचं आणि आजीचं आठवड्यातून दोनदा बोलणं होतं, मराठीत. मी त्यांचे आभार नीट मानले नाहीत. एकदा प्रयत्न केला होता, पुलाचं आणि ईराचं नाव काढून. त्यांनी मला मध्येच तोडलं, "गाठ बघत जा रे दर वेळी," आणि विषय संपला.

त्या निघाल्या त्या दिवशी विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. त्यांच्या वयाकडे बघून संदीपने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. युनिफॉर्ममधला एक तरुण ती घेऊन आला. काकूंनी खुर्चीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, खुर्चीत आपली बॅग ठेवली आणि स्वतःच ती ढकलत निघाल्या. तो बिचारा रिकाम्या हातांनी शेजारून चालत राहिला. आत जायच्या दारापाशी त्या एकदम थांबल्या. आम्हाला वाटलं, वळून बघतील. तन्वीने हात वर केला. काकू खाली वाकल्या, खुर्चीचं पुढचं छोटं चाक उचललं, त्यात गुंतलेला कसलासा दोरा ओढून काढला, चाक बोटाने फिरवून बघितलं. मग तो दोरा त्या तरुणाच्या हातात दिला आणि दोघं आत गेले.